आमच्या गल्लीचं डावं वळण

लढाईच्या दिवसांत नगरचा रस्ता म्हणजे लष्कराचा रस्ता झाला होता. छावणीतून निघालेल्या लॉऱ्या भोंगे वाजवत गावातून जायच्या, आणि त्याच रस्त्याने तिसगावकडच्या बैलगाड्या बाजाराला यायच्या. आमचं घर मोठ्या रस्त्याला गल्ली फुटते त्या कोपऱ्यावर. गल्लीत आत बैलांना पाणी प्यायचा हौद होता, त्याच्यापुढे आडत. त्यामुळे बाजाराच्या दिवशी प्रत्येक गाडी आमच्या भिंतीला वळसा घालून डावीकडे आत शिरायची.

गल्ली अरुंद. कडबा भरलेली गाडी सरळ वळवली तर चाक भिंतीला घासायचं. म्हणून गाडीवान आधी गाडी रस्त्याच्या मध्यावर, उजवीकडे घ्यायचे आणि मग एकदम डावीकडे वळायचे. मागून येणाऱ्याला वाटायचं, गाडी बाजूला झाली, डावी बाजू मोकळी आहे. माझ्या भावालाही तसंच वाटलं. तो सायकलवरून लष्कराच्या भांडारात नोकरीला चालला होता. मागे लॉरी भोंगा वाजवत होती, म्हणून तो गाडीच्या डाव्या अंगाने पुढे निघाला आणि तेवढ्यात बैल वळले. गाडीचं चाक आणि आमच्याच घराची भिंत यांच्यामध्ये तो सापडला. दुपारपर्यंत दवाखान्यात होता. मग गेला.

गाडी तिसगावच्या काकांची होती. हे आमचे नात्याचे कुणी नव्हेत. वर्षाचे जोंधळे त्यांच्याकडून यायचे, आई त्यांना भाऊ म्हणायची आणि दर भाऊबीजेला ओवाळायची. माझ्या भावाला लहानपणी गाडीच्या जुवावर बसवून हौदापर्यंत नेणारे हेच. त्यांची चूक नव्हती, वळायचं ते तसंच वळावं लागतं, हे वडील पहिल्या दिवसापासून म्हणत होते. मला त्यांचा हा शहाणपणा सहन होत नसे. मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते, तोंडाने तिखट होते. मी म्हणायचे, तुम्ही शाळेत पोरांना समजावता तसं आम्हाला समजावू नका.

वडील मास्तर. त्यांनी शोक केला तो अर्जांनी. हे वळण बंद करा, गाड्या पुढच्या रुंद रस्त्याने हौदावर न्या, एवढंच त्यांचं मागणं. नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. आडतवाले चिडले. एकजण आमच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "मास्तर, तुमच्या दुःखापायी सगळ्या पेठेचा वळसा वाढवता होय?" वडील म्हणाले, "हो. वाढू द्या वळसा." त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. शेवटी नगरपालिकेने गल्लीच्या तोंडावर कमरेएवढे दगड पुरले. माणूस आत जाईल, गाडी जाणार नाही, अशा बेताने.

आणि झालं आगीतून फुफाट्यात. रात्रभर वाट चाललेले गाडीवान पहाटे गाडीतच झोपलेले असायचे. हाकायची गरजच नसे. बैलांना हौद ठाऊक. दगड पुरल्यानंतरच्या पहिल्याच बाजाराला बैल सवयीने वळले, दगडांना कपाळं लावून उभे राहिले, आणि गाडीचा मागचा भाग तसाच आडवा रस्त्यात. लॉरीने करकचून ब्रेक लावला तो आवाज ऐकून आई अंथरुणातच ताठ बसली. वडील कंदील घेऊन धावले. गाडीवानाला जागं केलं, बैल मागे सारले.

त्यानंतर बाजाराच्या दर पहाटे वडील कंदील घेऊन कोपऱ्यावर उभे राहू लागले. वळू पाहणाऱ्या बैलाची वेसण धरायची आणि गाडी पुढच्या रस्त्याला लावायची. शेजारी हसायचे, मास्तरांना आता बैलांचा वर्ग मिळाला म्हणायचे. पण बैल शिकले. गाडीवान त्या जागी जागे राहू लागले, कासरा ओढू लागले, आणि महिना-दीड महिन्यात गाड्या सरळ जायला लागल्या.

एकच गाडी शिकेना, काकांची. तेच बैल दर खेपेला वळायचे, आणि गाडीत काका डोक्यावरून घोंगडी ओढून पडलेले. वडील त्यांना न उठवता गाडी पुढे लावून द्यायचे. "थकलेला असतो, झोपू दे," म्हणायचे.

हे आईच्या जिवाला लागलं. बाकी काही ती बोलत नसे. रडायचीसुद्धा भाकरी थापताना, धुराच्या नावाखाली. पण हे एक वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "माझं लेकरू जिथं गेलं, तिथं ह्याला झोप लागते?" मलाही तेच वाटायचं. त्या घोंगडीचा मला मनापासून द्वेष होता.

मग वडील हिवतापाने पडले. अंगावर दोन गोधड्या, तरी दात वाजत होते, आणि बाजाराच्या पहाटे ते उठायला लागले. आईने त्यांना खाली दाबलं, कंदील उचलला आणि दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ती गाडी वळवायला नव्हे, भांडायला चालली आहे. मी मागोमाग गेले. खरं सांगायचं तर मला ते भांडण बघायचं होतं.

चार-सहा गाड्या सरळ गेल्या. मग काकांची आली, मध्यावर गेली आणि वळली. बैल दगडांशी थांबले. आईने वेसण धरलीच नाही. कंदील माझ्या हातात दिला, चाकावर पाय ठेवून वर चढली आणि घोंगडी ओढून काढली.

काका झोपलेले नव्हते. डोळे गच्च मिटलेले, आणि पटक्याचा सोगा दातांत धरलेला.

"बाई," ते डोळे न उघडताच म्हणाले, "हितनं बघवत न्हाई वो. नाक्यापासनंच डोळं मिटून घेतो म्या. बैल नेत्यात आपले."

तेवढ्यात छावणीकडून लॉरीचे दिवे दिसले. गाडी रस्त्यात आडवी, आई गाडीवर उभी. मी कंदील हलवत, ओरडत लॉरीच्या दिशेने पळत सुटले. मागून आईचा आवाज आला, जवळजवळ ओरडलीच ती.

"उठा! मी रोज दोनदा इथून पाण्याला जाते. डोळे मिटून जाता आलं असतं, तर मीही गेले असते. उघडा डोळे आणि हाका!"

लॉरी थांबली की नाही हे कळायच्या आत मागे चाकं करकरली. वळून पाहिलं तर काका उभे राहून कासरा ओढत होते, बैल मागे येत होते, आणि आई कडब्याला धरून तशीच वर होती. गाडी सरळ झाली. लॉरी शिव्या देत निघून गेली.

घरी आल्यावर आईने चूल पेटवली. वडिलांनी गोधडीतूनच विचारलं, गाड्या गेल्या का. "गेल्या," ती म्हणाली. बाकी काही तिने सांगितलं नाही, आणि मीही नाही.

पुढच्या बाजाराला वडील बरे होऊन कोपऱ्यावर उभे राहिले, त्यांच्याशेजारी आई, मागे मी. काकांची गाडी आली. घोंगडी खांद्यावर होती. काका ताठ बसले होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते आमच्या भिंतीकडे टक लावून बघत होते. बैलांनी सवयीने माना डावीकडे केल्या. काकांनी कासरा ओढला, आणि गाडी सरळ गेली.