फाट्यावरच्या गाड्यांची मोजणी

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, यावर माझे दोन कप चहा झाले. सांगतोच. नाहीतरी आमच्या मेव्हण्यानं नागभीडपासून आरमोरीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलंय. फक्त माझी बाजू राहिली होती. माझी बाजू अशी, की चूक माझीच होती.

मी अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. तलावात पाणी किती आलं, सांडव्यावरून किती गेलं, ते मोजायचं. रिटायर झाल्यावर दारावर पाटी लावली, 'सल्लागार अभियंता'. कशाचा सल्लागार, ते लिहिलं नाही. कशाला उगाच गिऱ्हाईक अडवायचं? तरी बरेच महिने कोणी आलं नाही. मग आला तो प्रभाकर. हाच तो मेव्हणा, बायकोचा सख्खा भाऊ. म्हणजे नाही म्हणायची सोय नव्हती.

प्रभाकरचं गावाच्या फाट्यावर बांधकाम मंजूर होतं. खाली दुकानं, वर फ्लॅट, मागे धानाचं गोदाम. मध्येच त्याच्या डोक्यात आलं, गोदामाऐवजी लग्नाचं लॉन करू, आणि तिथं पहिलं लग्न आपल्याच पोरीचं, पिंकीचं लावू. तारीख ठरली. पत्रिका छापून आल्या, त्यात ठिकाण म्हणून लॉनचं नावसुद्धा आलं. लॉनला परवानगी तेवढी यायची होती.

सुधारित आराखडा जिल्ह्याच्या नगररचना ऑफिसात गेला आणि तिथून उलट पत्र आलं. लग्नाच्या गाड्या या रस्त्यावर मावतील का, त्याचा अंदाज द्या. म्हणजे आज रस्त्यावर किती वाहतूक आहे ते मोजा, त्यात लॉनची मिळवा, आणि रस्त्याला झेपतं की नाही ते सांगा.

"भाऊजी, जमन का हे तुमाले?"

"अरे, जन्मभर पाणी मोजलं मी! गाड्या तरी काय वेगळ्या असतात? इकडून येतात, तिकडे जातात."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फाट्यावर मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलो. तिथून रस्ता आत जंगलातल्या गावांकडे जातो. अंगात नोकरीतला खाकी शर्ट, डोक्यावर वृक्षारोपणात मिळालेली हिरवी टोपी, मांडीवर लांबडं रजिस्टर. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे असा माणूस रस्त्याच्या कडेला दिसला तर लोक काय समजतात? जंगलाचा नाका! आणि नाका दिसला की आपण न विचारता थांबतो, नाव सांगतो, गाडीचा नंबर सांगतो, कुठं चाललो तेही सांगतो. मीसुद्धा आयुष्यभर थांबलोय. पण त्या दिवशी मी खुर्चीत होतो, आणि खुर्चीतून हे दिसत नाही.

पहिले आले डोमाजी. आतल्या गावचे म्हातारे शेतकरी, सायकलवर. समोर येऊन उतरलेच.

"डोमाजी. सायकल. बांधीवर चाल्लो जी."

नावाची मला काही गरज नव्हती. पण इतक्या आदरानं सांगतायत तर लिहून घेतलं.

"परत येताना बी सांगा लागन का?"

"हो. जाणं-येणं दोन्ही लागतं."

"अन ज्याची नोंद नाई झाली, त्याचं कसं?"

"तो आम्ही धरतच नाही."

एकही शब्द खोटा नव्हता. पुस्तकात अस्संच आहे. डोमाजीनं मान हलवली, सायकल फिरवली, आणि बांधी, म्हणजे धानाचं शेत, सोडून सरळ गावाकडे गेले. मला वाटलं, डबा विसरले असतील.

तासाभरात गाव लोटलं! मोटारसायकली, सायकली, ट्रॅक्टर, बैलबंड्या. सगळे रांगेत. मी मनात म्हटलं, किती सहकार्य करतात हे लोक! शहरात गाडीवाला तुमच्याकडे बघतसुद्धा नाही.

शेवंताबाई एक बंद मोटारसायकल ढकलत घेऊन आल्या.

"पोरगा पुण्याले कंपनीत हाय. गाडी घरीच राह्यते. लिहून घ्या साहेब, मंग तो आला का घोर नको."

गाडी रस्त्यावर आहे ना? आहे. लिहिली.

एकाचा ट्रॅक्टर बंद पडलेला. त्यानं तो बैल जुंपून ओढत आणला. मी ट्रॅक्टर एक लिहिला आणि बैलजोडी म्हणून बंडी एक लिहिली. काम चोख असावं माणसाचं. बंडीचं तर तुम्हाला ठाऊक नसेल. हिशोबात एक बंडी कितीतरी मोटारींच्या बरोबरीनं धरतात, कारण ती हळू चालते आणि बाजू देत नाही. अशा बंड्या त्या दिवशी किती आल्या म्हणता? मला दुसरं पान लावावं लागलं. मग तिसरं.

दुपारी एक जण हात हलवत आला.

"मी दिवाळीले गाडी घेऊन राह्यलो. आत्ताच नोंदवून ठेवता का?"

इथं तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही? पण तक्त्यात 'भविष्यातील वाढ' असा रकाना असतो. बाकीचे अभियंते तो घरी बसून अंदाजानं भरतात. माझ्याकडे माणूस स्वतः येऊन सांगत होता! मी नाव, गाव आणि गाडीचा रंगसुद्धा लिहिला.

संध्याकाळी डोमाजी आले आणि मोबाईलवर रजिस्टरच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घेऊन गेले. मला भरून आलं. आपल्या कामाची कोणी इतकी कदर केली नव्हती.

प्रभाकरनं अहवाल वाचला आणि पहिलं पान पुन्हा उघडून जागेचं नाव तपासलं.

"भाऊजी, हा आपलाच फाटा हाय का नागपूरचा कोणता चौक?"

"आकडे हे आकडे असतात, प्रभाकर."

"पण मंग लॉन कसं देतीन ते?"

हा विचार मी केला नव्हता. मोजणीच इतकी सुंदर झाली होती.

अहवाल गेला आणि नगररचनेच्या मॅडमचा फोन आला. आवाज शांत होता. "एवढी वाहतूक आहे त्या रस्त्यावर? मला बघायचीच आहे." आठवड्यानं मॅडम जीप घेऊन आल्या. पुढे मॅडम, मागे मी आणि प्रभाकर. जीप फाट्यावरून आत वळली आणि थांबली. रस्त्यावर बांबू आडवा. बांबूजवळ खाटेवर डोमाजी. हातात मोबाईल.

"गाडी नंबर सांगा जी."

ड्रायव्हरनं सांगितला. डोमाजीनं डोळे बारीक करून पानं सरकवली.

"नाई हाय यादीत. वापस घ्या."

"कसली यादी?" मॅडमनी विचारलं.

"रस्त्याची. लॉन झालं का ज्याची नोंद हाय तोच जाईन. बाकी बंद. आमी त आठ दिवसापासूनच चालू केलं. रेतीचे टिप्पर बी बंद केले. लय शांत हाय आता."

"नियम कोणी लावला हा?"

डोमाजीनं जीपमध्ये वाकून पाहिलं. ओळखीचं हसले.

"हेच त साहेब! नमस्कार जी. चाला, पाणी प्या."

मी हळूच म्हटलं, "डोमाजी, मला ओळखता ना? मग सोडा."

"तुमचं बी नाव नाई साहेब. तुमी लिहून राह्यले होते. गेले कुठी?"

खरं होतं. दिवसभर मी त्या रस्त्यावरून एक पाऊलही गेलो नव्हतो.

मॅडम उतरल्या. खाटेवर बसून त्यांनी एक तास स्वतः मोजलं. दोन सायकली आणि एक शेळ्यांचा कळप. शेळ्या यादीत नव्हत्या, पण डोमाजीनं सोडल्या. मग मॅडमनी फाईलवर शेरा लिहिला आणि सल्लागार म्हणून खाली माझी सही घेतली. शेरा असा होता: 'पाहणीच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक बंद. कारण, वाहतूक सल्लागार. नवीन मोजणी अन्य व्यक्तीकडून करून घ्यावी.'

नवीन मोजणी होईपर्यंत लॉन अडकलं, तारीख काही अडकली नाही. पिंकी छापलेल्या पत्रिकांवर पेनानं ठिकाण खोडत बसली होती. खरं सांगतो, मला त्या पोरीकडे बघवेना. शेवटी लग्न आमच्या घरासमोर मांडव टाकून करायचं ठरलं. म्हणजे बायकोनं ठरवलं आणि मला कळवलं.

लग्नाच्या सकाळी प्रभाकर घाईघाईनं आत आला. "वऱ्हाडाच्या गाड्या किती येतीन? गल्लीत मावतीन का?"

मी खिशातून पेन काढला. बायकोनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि अक्षतांची परात दिली.

"तुमी अक्षता वाटा. अन लिहू नका कोणाले किती देल्या ते."

मी वाटल्या. मांडवाच्या दारातच उभा राहिलो. येणारा प्रत्येक पाहुणा माझ्यासमोर थांबत होता, आणि आपलं नाव सांगत होता, गाव सांगत होता, गाडी कुठं लावली तेही सांगत होता.