रुद्रप्पांच्या छातीवरचा चट्टा

रुद्रप्पा हलकुडे यांना आजवर मोठा असा एकही आजार झालेला नाही, पण सोसले मात्र त्यांनी बरेच. ढेकर आला की हृदय, गुडघा वाजला की संधिवात, आणि जीभ पांढरी दिसली की मग मोबाइल सांगेल ते. बाळीवेशीतल्या त्यांच्या किराणा दुकानात तूरडाळ घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला डाळीबरोबर मालकाची तब्येतही ऐकून घ्यावी लागे.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीच्या मधोमध चट्टा उठला. लाल, खाजरा, लिंबाच्या फोडीएवढा. शर्टाची बटणं सोडून त्यांनी तो अर्ध्या पेठेला दाखवला.

"कातडीचा कॅन्सर असाच सुरू होतो," ते आवाज बारीक करून सांगत.

"घामोळं हाय ते," बायको निंगव्वा आतून ओरडे. "दोन कडक भाकरी अन् वाटीभर शेंगाचटणी खाणारा मानूस मरत नसतोय."

"तुला काय कळतंय? आतनं पोखरतंय ते."

"पोखरू द्या. आदी त्या बाईचं पोहं बांधा की."

शेवटी ते एकटेच कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी चट्टा पाहिला, मग गळ्यातल्या दोऱ्यात लटकून त्यावर टेकणारी इष्टलिंगाची डबी पाहिली.

"ही कधीपासून वापरताय, काका?"

"माझ्या साठीला मिळाली. चांदीची हाय."

"चांदीनं सहसा असं होत नाही. हिच्यात निकेल असावं, त्याची ॲलर्जी आहे. डबी बदला, पंधरा दिवसांत चट्टा जाईल."

रुद्रप्पा खुर्चीच्या कडेवर सरकले. "मॅडम, दुसरं काही नसेल का? नीट बघा की. रक्त तपासा, तुकडा काढा."

"काही गरज नाही. तुम्ही ठणठणीत आहात."

एवढी वाईट बातमी त्यांना आजवर कुठल्या डॉक्टरनं दिली नव्हती.

डबी जावयानं दिली होती. सिद्धलिंगची नोकरी खासगी, म्हणून रुद्रप्पांची मैंदर्गीची भावकी त्याला लग्नापासून जरा बाजूलाच बसवायची. साठीच्या दिवशी लेक महेश्वरीनं ती डबी ताटात ठेवून पाहुण्यांतून फिरवली. "ह्यांनी स्वतः जाऊन घेतली," असं ती प्रत्येकाला सांगत होती. त्या पंगतीत तिच्या चुलत्यांनी सिद्धलिंगला पहिल्यांदा आपल्या शेजारी बसवून घेतलं. आता त्याला सराफानं फसवलं, की त्यानंच सासऱ्याला? कुणाला विचारायचं? आणि विचारलं की महेश्वरीनं कुठं बघायचं?

घरी आले तर लेक-जावई आलेले.

"काय म्हणाल्या डॉक्टर, अप्पा?"

"काय न्हाय. उष्णता. ताक प्या म्हणाल्या."

ज्या माणसानं साध्या शिंकेवर तासभर बोलून दाखवलं, तो चार शब्दांत आटोपतो म्हणजे काय? महेश्वरीनं आईकडे पाहिलं. निंगव्वा ताक घुसळता घुसळता थांबली.

"अवो, खरं सांगा," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. "लई वाईट हाय का?"

"काय न्हाय म्हणतोय ना!"

"बटणं काढा, बघू."

"नको." रुद्रप्पांनी कॉलरपर्यंत बटणं लावून घेतली. "बघायसारखं काय न्हाय त्यात."

झालं. महेश्वरीनं पदर तोंडाला लावला. निंगव्वानं ताकात मीठ टाकलं, विसरून पुन्हा टाकलं.

सिद्धलिंग उठून सासऱ्याच्या पायाशी बसला. त्याचे डोळे भरून आले होते. "मामा, आमच्यापासून लपवू नका. मी रजा टाकतो. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या करून घेऊ. खर्चाचं मी बघतो."

रुद्रप्पांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. हा पोरगा फसवणारा नव्हता, फसलेलाच होता. शर्टाच्या आत डबी खाजत होती. तिच्याकडे हात न नेता त्यांनी तो जावयाच्या खांद्यावर ठेवला.

"जाऊ की," ते म्हणाले. "सोमवारची गाडी बघ."