बारानंतरचा घास

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. बाबांना नाही, मला. ते आधीच लिहून टाकते, नाहीतर शेवटी पळवाट शोधेन.

आई गेली आणि बाबा बोलायचेच थांबले. तीस वर्षं मराठी शाळेत पोरांवर ओरडलेला माणूस, आणि आता चहा पुढ्यात ठेवला तरी नुसतं ‘हूं’. मी सकाळच्या बसनं जैनथला शिकवायला जायची, ती संध्याकाळी आदिलाबादला परत. मधल्या वेळात घरात बाबा आणि फिरता पंखा. शेवटी हैदराबादच्या भावानं पॉमेरेनियनचं पिल्लू आणून दिलं. लहान चणीची जात आहे, मोठं झालं तरी मांडीत मावेल म्हणाला. मी चिडलेच. “बापाले बोलाले माणूस पायजे, आन् तू कुत्रं आणते?”

भावानं सांगितलं होतं केशरी रंगाचं आहे. निघालं उंदरासारखं करडं, पाठीवर काळी झाक. आल्या आल्या ते बाबांच्या चपलांवर बसलं आणि तेच त्याचं घर झालं. बाबा न्हाणीत गेले की दाराशी कुईकुई. गॅस सिलिंडरवाल्यावर असं धावून जायचं, की तो बिचारा फाटकाबाहेरूनच हाक मारायचा. आणि खाण्याची तर वेगळीच तऱ्हा. वाटीत दूधभात घातला की वास घ्यायचं आणि बाबांकडे बघत बसायचं. बाबांनी पहिला घास तोंडात घातला, की मगच खाणार. बाबा म्हणाले, “मास्तर बसल्याबिगर पोरं डबे नाई उघडत, तसं हाय याचं.” दीड वर्षात बाबांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. आत जाऊन रडले.

पाचव्या महिन्यात त्याचे केस झडायला लागले. तोंड पार माकडासारखं झालं. बाबांना वाटलं खरूज. त्यांनी करंजाचं तेल चोपडलं आणि त्यानं घरातल्या सगळ्या गाद्या तेलकट केल्या. मग मी त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हशी-बकऱ्यांना सरावलेले. ह्याला तळहातावर घेऊन हसायलाच लागले. “बच्चे के बाल हैं मॅडम, जाते. असली रंग अब आता.” खोकतो म्हटल्यावर त्यांनी गळ्यातला पट्टा काढून टाकला. ह्या जातीची श्वासनळी नाजूक, पट्टा छातीभोवती बांधा म्हणाले. मग वजन केलं आणि त्यांचं हसू गेलं. “ये तो बहुत छोटा रह गया. इसको भूखा नहीं रखना. चार-चार घंटे को खिलाना. पेट खाली रहा तो शक्कर गिरती, काँपता, सो जाता, फिर उठता नहीं.” थरथरला तर हिरड्यांना मध चोळायचा.

मी हो हो केलं. मध आणून फ्रिजवर ठेवला. बाबांना म्हटलं, “याले टायमावर खाऊ घालत जा.” बस्स, एवढंच. का, ते सांगितलं नाही. आमच्या घरात कुठं जरा हसणं सुरू झालं होतं, तिथं पुन्हा मरणाची गोष्ट काढायला माझी जीभ वळली नाही.

आषाढात वर्षावास, म्हणजे बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा मुक्काम, लागला. बाबा चाळीस वर्षं दर पौर्णिमेला उपोसथ धरतात. पांढरे कपडे, अष्टशील, दुपारी बाराच्या आत जेवण आणि नंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत नुसतं पाणी. आई असताना दोघं मिळून धरायचे. आधीच्या पौर्णिमांना पिल्लू माझ्या बोटावरचं दूध तरी चाटायचं. आषाढी पौर्णिमेला संध्याकाळी मी त्याची वाटी भरली. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा जेवत नाहीत, तर तेही जेवेना. बाबांचा चेहरा काय उजळला! “अवं पाय, हा बी उपोसथ धरून राह्यला!”

श्रावणात नवे केस आले. आधी कानांमागं, मग पाठीवर, शेपटीवर, भरगच्च आणि केशरी. “भिक्खूच्या चिवराचा रंग आला,” बाबा म्हणाले. ते त्याला विहारात न्यायला लागले. तिथल्या बाया तर वेड्याच झाल्या त्याच्यामागं. “आले वं लहाने उपासक,” म्हणत ह्या काखेतून त्या काखेत. बाबा बाजूला उभे राहून मिशीत हसायचे.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला संध्याकाळी तो थरथरत होता. मी पाहिलं. गारठला असेल म्हणून टॉवेलात गुंडाळलं. सकाळी बाबांनी पोहे खाल्ले, त्यानं वाटी चाटून लख्ख केली आणि पुन्हा सिलिंडरवाल्यावर धावला. डॉक्टरांचं बोलणं मला आठवलं होतं, खोटं कशाला सांगू? पण आदल्याच दिवशी बाबा म्हणाले होते, “तुह्या मायच्या जागी बसते हा.” त्यावर मी काय बोलणार? बोलायला हवं होतं. मास्तरीण ना मी? दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना समजावत बसते.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात भिक्खूंना भोजनदान होतं, खीर होती. बाबा पहाटेच त्याला घेऊन गेले होते. वाढता वाढता बारा वाजून गेले आणि त्यांचं स्वतःचं जेवण राहिलं. बारानंतर ते जेवणार नव्हतेच. म्हणजे कालपासून त्याच्याही पोटात काही नाही. एका बाईनं खिरीची वाटी त्याच्या नाकाशी धरली, त्यानं तोंड फिरवलं. “पक्का उपासक हाय!” म्हणून सगळे कौतुकानं हसले. भिक्खूंची धम्मदेसना सुरू झाली तेव्हा तो बाबांच्या मांडीवर जरा थरथरला, मग निवांत झोपला. बाबांना वाटलं, ऐकून राह्यला.

मी पाचवीच्या वर्गावर होते. बाबांचा फोन आला. “बाई, हा उठून नाई राह्यला वं.”

“मध!” मी पोरांसमोरच किंचाळले. “त्याच्या हिरड्यायले मध चोळा!”

पलीकडून बाबा म्हणाले, “मी विहारात हाव. मध काऊन?”

खीर चोळा, साखर चोळा, मी ओरडत राहिले. ऑटो करून पोचले तेव्हा त्याचं तोंड खिरीनं पांढरं झालं होतं आणि अंग गार पडलं होतं. बाबा अजून बोटानं त्याच्या हिरड्या चोळतच होते.

त्याला परसात पुरून आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, मधाचं, भाद्रपदातल्या थरथरीचं. वाटलं, एकदा तरी शाळेत ओरडायचे तसे ओरडतील. ओरडले नाहीत. “सांगाचं होतं, बाई,” म्हणाले. हाताची माती धुताना पुन्हा म्हणाले, “मी एक घास खाल्लो असतो.” त्यानंतर परत नुसतं ‘हूं’.

कार्तिक पौर्णिमेला रविवार होता, मी घरीच होते. बाबांनी पांढरे कपडे घातले, शील घेतलं, बाराच्या आत जेवले. चार वाजता स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मी दारात जाऊन उभी राहिले. बाबा जमिनीवर बसले होते. समोर त्यांचं ताट आणि शेजारी ती लहान वाटी, दोन्हीत दूधभात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बाबांनी बारानंतर घास तोंडात घातला. तो गिळला आणि त्यांनी वाटी जरा पुढं सरकवली.

“मी खाल्लं, पाय,” ते म्हणाले. “तू बी खाय आता.”