आठ इंचाला एक पीळ

अर्धं अंतर चालून झालं, तरी निशाण अजून टपालाच्या तिकिटाएवढंच दिसत होतं. नेमबाजीच्या मैदानावर गोळीबार थांबल्याचा लाल बावटा वर चढला होता आणि आम्ही दोघं हजार मीटरवरच्या कागदाला किती भोकं पडली ते पाहायला पायी निघालो होतो. गोळीला हे अंतर कापायला दोन सेकंदही लागत नाहीत. आम्हांला अर्धा तास लागतो, कारण भाऊजी चालताना बोलतात आणि बोलायचं म्हटलं की थांबतात.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने घड्याळजी. चाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची वेळ दुरुस्त केली. त्यांची स्वतःची मात्र तीन वर्षांपासून एकाच प्रश्नावर अडली होती: रायफलची नळी बदलायची, तर कोणती? ताईला पसंत करायला त्यांना एक कप चहा पुरला होता.

"साडेसहा मिलिमीटरची घ्यावी म्हणतो," ते थांबून म्हणाले. "गोळी सडपातळ, वारा तिला फार ढकलत नाही. पण नळी लवकर झिजते."

"मग जुन्यासारखी सात पॉइंट बासष्टचीच घ्या."

"ती टिकते गं. पण गोळी जाडी, वाऱ्यात भरकटते."

"सडपातळ टिकत नाही आणि जाडी भरकटते. हे ताईसमोर बोलू नका म्हणजे झालं."

ते हसले नाहीत. नळीच्या आत गोलगोल फिरत गेलेल्या खाचा असतात, त्या गोळीला गरगर फिरवतात. एक फेरा किती इंचांत पुरा होतो, तो नळीचा पीळ. "लांब गोळीला आठ इंचाला एक पीळ हवा," भाऊजी म्हणाले. "माझ्या नळीला बारा इंचाला एक आहे. कमी पडतो."

सुंभ जळालं तरी ज्यांचा पीळ जायचा नाही, त्यांना पीळ कमी पडावा, ही देवाचीच लीला. मी मनात त्याचं नाव घेतलं आणि चालू लागले.

निशाणापाशी दोन कागद होते. डावा भाऊजींचा: पाच गोळ्यांपैकी दोन कडेला, एक खालच्या कोपऱ्यात, उरलेल्या दोन कुठे गेल्या ते त्या गोळ्यांनाच ठाऊक. उजवा मैदानावरच्या प्रशिक्षकांचा. नळी किती गेलीय ते बघा, असं भाऊजींनीच त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी याच रायफलने, याच डब्यातल्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. पाचही एका ताटलीएवढ्या जागेत.

नाचता येईना अंगण वाकडं, हे ओठांवर आलं होतं. पण भाऊजी प्रशिक्षकांच्या कागदावर बोट फिरवत होते. एक, दोन, तीन. चाचपून मोजत होते. भरदुपारी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू आहे, अर्ध्या तासाचं काम."

"मग करून टाका की."

"डोळा म्हणजे नळी आहे का, बिघडला तर दुसरा बसवायला?" त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "वर्षभर दुकानात नुसते पट्टे आणि सेल बदलतोय. केसाएवढी स्प्रिंग हातात घेतली नाही. तुझ्या ताईला कळलं तर उद्याच दुकानाला कुलूप लावून मला त्या टेबलावर झोपवेल."

"झोपवायलाच हवं."

"झोपेन. पण माझ्या मनाने." परत फिरताना ते पहिल्यांदाच न थांबता बोलले. "संध्याकाळी ती विचारेल, नेम का चुकतो. माझ्यावर तिचा विश्वास नाही. तू खोटं बोलत नाहीस हे तिला लहानपणापासून माहीत आहे. या खोट्याचं देवाकडे माझं मी बघून घेतो. तिला तेवढं तू सांग, नळीच गेलीय म्हणून."