मेव्हण्यांनी सोडलेली भाकरी

माझ्या थोरल्या मेव्हण्यांइतका जेवणावर जीव असलेला माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्याच माणसाने माझ्या लेकीपायी दोन महिने भाकरी सोडली होती. ही पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट. मखमलाबादकडे त्यांचा भाजीचा मळा होता. सकाळी सायकलवर भाजी लादून शहरात आणायची, ती खपली की आमच्या बिऱ्हाडी चहाला यायचं, हा त्यांचा नेम. कॅलेंडरवर त्यांचा विश्वास नव्हता. काळ ते पिकांवर मोजत. स्वतःचं लग्न 'वांग्याला कीड पडली त्या साली', धाकट्याचा जन्म 'कोबी चांगला उतरला तवा'. कुणी तारीख विचारलीच तर आभाळाकडे बघत आणि शेवटी एखाद्या भाजीचं नाव सांगत.

यातूनच सगळा घोटाळा झाला. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं आणि पहिला घास मामाने भरवायचा, अशी आमच्याकडची रीत. "मेथीची दुसरी पेर निघाली, म्हंजे पाचवा लागला," असं ठणकावून मेव्हणे खिरीची वाटी घेऊन बसले. अंगठीने चाटवलेली खीर लेकीने त्यांच्या नव्या धोतरावर साभार परत केली. आठवड्याने माझ्या आईने बोटं मोजली, तर त्या दिवशीचा महिना निघाला सहावा! मेव्हण्यांचा चेहरा पार उतरला.

पुढे लेक दहा महिन्यांची झाली तरी दुधाखेरीज कशाला तोंड लावीना. वजन वाढेना. डॉक्टरांनी बजावलं, नुसत्या दुधावर भागणार नाही, हातात धरून चावता येईल असं मऊ काहीतरी द्या. बायकोच्या डोळ्यांतलं पाणी पाहून मेव्हणे म्हणाले, "चूक माझ्या हातनं झाली हाय. पोरगी आपल्या हातानं खाईल, तवाच मी चावायचं काही तोंडात घालीन. तोवर दूध नि पेज."

मग रोज पिशवीतून नवनवे पदार्थ निघू लागले. उकडलेल्या गाजराच्या बोटाएवढ्या फोडी, रताळं, दुधी, तुपात भिजवलेली पोळीची सुरळी. खायचं कसं हे दाखवायला हवं, पण शपथ आड येई. म्हणून मेव्हणे फोड ओठांपाशी नेत आणि रिकाम्या तोंडानेच मचमच करत. लेक त्यांच्याकडे टक लावून बघे आणि आपली फोड त्यांच्या मिशीला पुसे. "आज निदान धरलं तरी तिनं!" म्हणत ते सायकलवर टांग मारत. इकडे त्यांचे सदरे अंगात लोंबायला लागले होते. वहिनी बिचाऱ्या रोज फडक्यात भाकरी बांधून देत आणि ती रोज तशीच घरी परत जाई.

एके दुपारी बायको मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी बाहेरून आलो आणि दारातच थबकलो. लेक मामाच्या मांडीवर होती. मेव्हण्यांनी फडकं सोडलं, भाकरीचा वास घेतला, एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून ते चावत राहिले. लेक त्यांचा जबडा निरखत होती. तिने हात घालून त्यांच्या हातातली भाकरीची कड ओढली आणि दोन दातांनी कुरतडायला लागली. मेव्हण्यांनी डोळे उघडले. त्यांना आधी दिसलो मी. जबडा थांबला. मग लेक दिसली. "अगं ये, पळ! पोरीनं खाल्लं!" असं ते अंगणातल्या बहिणीला ओरडले, आणि "आता मीबी खातो" म्हणून वर तीन भाकऱ्या खाऊन उठले.

मामाच्या त्या शपथेचं कौतुक आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललं. मेव्हणे मात्र तो विषय निघाला की उठून जायचे. विनय असेल, असं मला वाटे. लेक चौथीत असताना एकदा मळ्यात आम्ही दोघेच बसलो होतो. मान खाली घालून ते म्हणाले, "दाजी, त्या दिवशी आधी मी खाल्लं व्हतं. तुम्ही पाहिलंत. शपथ मोडली मी. पोरीला काही बाधणार नाय ना?"

"दादा, तुम्ही खरं खाल्लंत म्हणून तर तिने खाल्लं. रिकामं तोंड तिला कळत होतं," मी म्हणालो.

त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि किती तरी वेळ मान हलवत राहिले. इतकी वर्षं लेकीला साधा ताप आला तरी ते मळा टाकून का धावत येत, ते मला तेव्हा उमगलं. त्यांना जाऊनही आता बरेच दिवस झाले. ते एक वाक्य मी त्याच दुपारी, दारातच, बोलायला हवं होतं.