खंडेनवमीला धुतलेली हत्यारं

भंगारवाला माझा जुना लेथ बघून गेला, त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. दौंडहून शिरूरला आलो तेव्हापासून सव्वीस वर्षं त्याच लेथवर काढलेली. आता वर्कशॉपात आकड्यांवर आपोआप चालणारं सीएनसी मशीन आलेलं, आणि मालकानं सरळच सांगितलं, "आप्पा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवा जॉब तुम्ही एकट्यानं चालवायचा. जमलं तर मशीन तुमचं. न्हाई जमलं तर पॅकिंगला बसा."

पॅकिंगला! म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खोक्यांना टेप चिकटवत बसायचं. असा संताप आला, पण बोलणार काय?

शिकवायला एक डिप्लोमा झालेली पोरगी होती. इनामगावहून स्कूटीवर यायची, माझ्या थोरल्या लेकीपेक्षा लहान. मला मामा म्हणायची. "मामा, मशीनला दिसत न्हाई. तुम्ही आकडा द्याल तिथं ते जाणार. मधी काय हाय ते बघणार न्हाई." मी खेकसायचो, "कळतंय मला!" कळत काही नव्हतं. मशीनला हुकूम द्यायचे सगळे कोड लेकीच्या जुन्या वहीत उतरवून घेतले आणि एसटीत पुटपुटत बसायला लागलो. शेजारचा माणूस समजायचा, आप्पांचा जप चाललाय.

सगळ्यात धास्ती ऑफसेटची. प्रत्येक हत्यार आधी जॉबला, म्हणजे कातायच्या लोखंडाला, टेकवायचं आणि त्याचं टोक नेमकं कुठं आहे ते मशीनला सांगून ठेवायचं. मग मशीन त्या आकड्यावर विसंबून धावतं. आकडा चुकला तर हत्यार जॉबमध्ये घुसतं, आणि मोडतोड किती होईल याचा नेम नाही. मी एकेक आकडा चारचारदा बघायचो, तरी पाचव्यांदा बघावासा वाटायचा.

खंडेनवमी आली. सव्वीस वर्षांत एकदाही चुकवली नव्हती. सगळी हत्यारं काढायची, रॉकेलनं धुवायची, पाटावर मांडून हळद-कुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची. त्या दिवशी पोरगी रजेवर होती. नव्या मशीनला तरी उपाशी का ठेवायचं म्हणून मी त्याचीही आठच्या आठ हत्यारं काढली, न्हाऊ-माखू घातली, आणि संध्याकाळी जिथली तिथं घट्ट बसवली. कुठलं हत्यार कितव्या नंबरच्या खाचेत, तेसुद्धा चुकू दिलं नाही. लई समाधान वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालक आणि पोरगी दोघं माझ्या मागं उभे. जॉब चकाच्या जबड्यात धरला, प्रोग्राम लावला, दार ओढलं. हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि काचेतून आत नजर गेली. भोक पाडायच्या बारला कुंकू लागलेलं होतं.

अरे, हत्यार मी काढलं, मीच बसवलं, पण मशीनला कुणी सांगितलं? ते जुन्याच आकड्यांवर धावणार! जुन्या लेथवर काही बिघडत नव्हतं, तिथं दर वेळी डोळ्यानं बघूनच हत्यार लावायचो. आता बोललो तर पॅकिंग ठरलेलं. खोटं कशाला सांगू, एक क्षण मनात आलं, दाबून टाकावं, निभावेलही.

"दाबा की आप्पा, काय झालं?" मालक म्हणाला.

"न्हाई दाबत." मी बटणावरचं बोट उचललं. "खंडेनवमीला सगळी हत्यारं काढून धुतली मी. ऑफसेट परत घ्यावे लागतील."

"हे आत्ता सांगताय?"

"आत्ताच ध्यानात आलं, मालक."

मालक ऑफिसात निघून गेला. पोरगीनं मशीन झटकन थांबवायच्या लाल बटणाजवळ धरलेला हात खाली घेतला. म्हणाली, "घ्या मामा ऑफसेट. मी मधी बोलणार न्हाई."

दीड तास लागला. तो बार आधीपेक्षा चार मिलीमीटर बाहेर आलेला निघाला. जॉबचं भोक आरपार नव्हतं. बार सरळ जाऊन तळाला धडकला असता. मग प्रोग्रामच्या एकेका ओळीला मशीन थांबवत, श्वास धरून, पहिला पीस काढला.

मालक आला. पीस मायक्रोमीटरनं मोजला, पुसून परत मोजला, टेबलावर ठेवला.

"पुढच्या खंडेनवमीला," तो म्हणाला, "हळद-कुंकू बाहेरनं दाराला लावायचं. आतल्या हत्यारांना हात लावायचा न्हाई." आणि गेला.

मी पोरगीकडं वळलो. "पुढच्या म्हणाला ना गं?"

"व्हय मामा, पुढच्याच म्हणाले."

मी तिथंच स्टुलावर बसलो आणि तेलकट हातांनी तोंड झाकून रडलो.