शाळेच्या अंगणातली छत्री

पंचाहत्तर साली मी सोलापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. गणपतीच्या सुट्टीत मावशीकडे गेले. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीतलं तिचं गाव. काका तिथं शाळामास्तर. अमेरिकेनं वर्षभरासाठी आपल्याला एक उपग्रह वापरायला दिला होता. त्यावरून शाळेत रोज संध्याकाळी कन्नड कार्यक्रम दिसायचे. सोलापुरात आम्ही टीव्ही पाहिला नव्हता, म्हणून मी चक्क खेड्यात टीव्ही बघायला गेले होते!

पण त्या दिवशी पडद्यावर नुसत्या मुंग्या. अंगणातली तारेच्या जाळीची मोठी छत्री कुणीतरी फिरवली होती.

"तू सायन्सची ना? बघ की जरा," काका म्हणाले.

मी ऐटीत छत्रीला हात घातला आणि सावकाश वळवू लागले. खिडकीतून पोरं ओरडली, "बंतु! बंतु!" मला वाटलं, चुकलं. मी आणखी वळवली. "होय्तु!" सगळे हळहळले. असं तीनदा झालं.

शेवटी मावशी पदर खोचून धावत आली. "अगं, बंतु म्हणजे आलं, होय्तु म्हणजे गेलं! हात काढ!"

चित्र आलं. तेवढ्यात शेजारचे म्हातारे आप्पा पुढं आले. "मीच फिरवली दुपारी," ते माझ्याशी मराठीत म्हणाले. "माझ्या घराकडंच तोंड हुतं की तिचं. अमेरिका समदं बघत असंल."

"आप्पा, तिला डोळे नाहीत," मी म्हणाले. "ती फक्त वरून येणारं ऐकते."

"कान हायती व्हय? मग आमचं बोलणं?"

 उत्तर मावशीनं दिलं. "आप्पा, तुमचं ऐकायचं तर अमेरिकेला आधी कन्नड शिकावं लागंल."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग पुढच्या रांगेत बसून त्यांनी भुईमुगावरच्या किडीचा कार्यक्रम पाहिला आणि पडद्यावरच्या साहेबाशी मोठमोठ्यानं वाद घातला.

मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. चौथी शिकलेली मावशी माझ्या कानाशी लागून एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि मी, कॉलेजकन्या, तिच्या तोंडाकडे बघत होते. इतकी मजा मला वर्गात कधी आली नाही.

वर्षभरानं उपग्रह ज्यांचा त्यांच्याकडं गेला. काकांचं पत्र आलं: रोज संध्याकाळी आप्पा शाळेत येतात आणि विचारतात, "मास्तर, आपला सोताचा कवा सोडनार?"